बाई तेवढ्या ठेवा

२१ फेब्रुवारी
छापखान्याचं तळघर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. वहिनीलाही सांग. पोरींना खूप खूप पापे.

पत्रास कारण की, इथे दुसरं काही करता येत नाही. अर्थसंकल्पाची छपाई सुरू आहे आणि आम्हाला सगळ्यांना कोंडून घातलं आहे. फोन दारावरच काढून घेतले. अर्थमंत्री भाषण वाचून खाली बसेपर्यंत इथून माणूस बाहेर पडत नाही, कागदाचा कपटाही नाही. पत्र लिहिलेलं चालतं, पण पाकीट उघडं ठेवून सुरक्षा अधिकाऱ्यांकडे द्यायचं. ते वाचणार, ठेवून घेणार आणि भाषण झाल्यावर टपालात टाकणार. तेव्हा साहेब, नमस्कार. पुढचं सगळं घरगुती आहे, तुम्हाला कंटाळा येईल.

आम्हा तिघी बायकांना कागदाच्या गोदामात खाटा दिल्या आहेत. चारी बाजूंनी कोऱ्या कागदाचे गठ्ठे, छतापर्यंत. शाईच्या वासाची सवय झाली. चहालाही तोच वास येतो असं म्हणाले तर स्वयंपाकी रुसला, आणि आज सकाळी माझं ऑम्लेट मुद्दाम करपवलं. शेजारच्या खाटेवरच्या टंकलेखिका बाई झोपेत आकडे बोलतात. सकाळी मी त्यांना सांगते, की तुम्ही झोपेत गुपित फोडलंत, आणि त्या खऱ्याच घाबरतात.

माझं काम नेहमीचंच. साहेब ज्या भाषेत विचार करतात तिच्यातून, लोक ज्या भाषेत भांडतात तिच्यात भाषण आणायचं. यंदा आत काय आहे ते विचारू नकोस. तुमची छोट्या कारखानदारांची संघटना घसा कोरडा करून जे मागते आहे, त्याबद्दल तर मी भुवईसुद्धा हलवणार नाही. सुरक्षा अधिकाऱ्यांनी हेही वाचावं म्हणून लिहिलं.

बाबा बरे आहेत. हल्ली बोलणं कमी झालंय, वयच तसं. दुपारी समोरच्या सरकारी केंद्रात जातात, वेळ चांगला जातो. मी इथे आहे तोवर शेजारच्या मावशी त्यांचं बघतात. मावशी दोघांच्या वाटचं बोलतात, त्यामुळे बाबांना तसंही काही बोलावं लागत नाही.

आज एका शब्दावर अडकले. कोणत्या ते सांगता येत नाही. एक जड शब्द आहे, कानाला भारदस्त, अर्थ कुणालाच लागणार नाही असा. आणि एक सोपा आहे. सोपा वापरला की माणसाला कळतं, आणि कळलं की लागतं. दुपारभर पेन्सिल चावत बसले. शेवटी सोपा घातला. आता वाटतंय, की मी स्वतःच

पुढचं खोडलं आहे. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, मी तुला ओळखते.

कारखाना कसा चाललाय? पुठ्ठा कापायचं नवीन यंत्र बसलं का? तुझ्या खोक्यांपैकी एक इथेही सापडलं, शाईच्या बाटल्या त्यातून आल्या होत्या. तळाशी तुझा शिक्का पाहून मी ते फेकू दिलं नाही. माझ्या चपला त्यात ठेवल्या आहेत.

कळावे, लोभ आहेच, आणखी वाढला तर जागा आहे.

तुझी,
बारकी


१ मार्च
घरून

प्रिय दादा,

तळघरातलं पत्र एव्हाना पोचलं असेल. भाषण तू ऐकलंसच. अभिनंदन. छोट्या कारखान्यांचा कर उतरला, नोकरदारांचाही थोडा उतरला, म्हणजे माझाही. वहिनी फोनवर सांगत होती, की संघटनेच्या कार्यालयात तू टाळ्या वाजवत खुर्चीवर उभा राहिलास आणि खुर्चीचा पाय मोडला. मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. मनापासून. आणखी दोन माणसं कामावर ठेवता येतील असं तू म्हणालास म्हणे. ठेव.

आता बोलायची मुभा आहे, म्हणून त्या शब्दाचं सांगते. कर कमी केला की तिजोरीत खड्डा पडतो, तो भरायला हवा. ज्या योजनांचा ‘अपेक्षित परिणाम दिसून आला नाही’ त्या बंद करायच्या, असं एक पान होतं. त्यात पुनर्वसन केंद्रं होती. झटका आलेली, अपघातातून उठलेली माणसं पुन्हा कामाला लागावीत म्हणून काढलेली. किती जण पुन्हा नोकरीवर गेले ते तपासलं, फारच थोडे निघाले. खर्च विभागाच्या सहसचिवांना त्या जागी ‘सुसूत्रीकरण’ हवं होतं. मी ‘बंद करण्यात येतील’ असं लिहिलं. ते म्हणाले, “बाई, हा शब्द फार दणकट आहे हो.” मी म्हटलं, साहेब, कुलूपही दणकटच लावणार आहात ना. ते हसले आणि त्यांनी पान पुढे सोडलं.

त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. सांगितली असती तर ते पान माझ्याकडून काढून घेतलं असतं, ते रीतसरच झालं असतं, आणि दुसऱ्या कुणीतरी मुकाट ‘सुसूत्रीकरण’ लिहिलं असतं.

दादा, समोरच्या केंद्रात बाबा वेळ घालवायला जात नाहीत.

गेल्या वर्षी उन्हाळा लागताना त्यांना झटका आला. सकाळी दाढी करत होते. अर्धी दाढी झाली आणि वस्तरा बेसिनमध्ये पडला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. आवाज होता, समज होती, शब्द मात्र सापडत नव्हते. चहाला ‘खिडकी’ म्हणायचे, आणि आपण खिडकी म्हणालो हे कळलं की डोळे मिटून घ्यायचे. इस्पितळात मी तुला फोन लावायला घेतला तर त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. झटका आलेल्या माणसात एवढं बळ असतं हे मला माहीत नव्हतं. मान हलवत राहिले. दया म्हणून तू आलेलं त्यांना नको होतं. मी ऐकलं, आणि तुला दर पत्रात ‘बाबा बरे आहेत’ लिहीत राहिले. ते अगदीच खोटं नव्हतं, कारण खरंच बरे होत होते.

आणखी एक आहे आणि ते लिहायला हात धजत नाही. गेल्या वर्षी, पाऊस सरल्यावर, तू घरी फोन केला होतास. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. मी ऑफिसात होते. बाबांनी उचलला. तू ‘हॅलो बाबा’ म्हणालास, पलीकडून कुणी बोललं नाही, तू थोडं थांबलास आणि ठेवलास. नंतर मला म्हणालास, “म्हातारा अजून तसाच आहे, श्वास ऐकू येत होता, शब्द काढला नाही.” दादा, ते शब्द शोधत होते. मी घरी आले तेव्हा फोनसमोरच्या खुर्चीत बसलेले होते. मावशींनी ताट वाढून ठेवलं होतं, त्याला हात लावला नव्हता.

तेव्हा तरी मी तुला सांगायला हवं होतं. त्यांनी पुन्हा मनगट धरलं, आणि मी पुन्हा ऐकलं.

तुमच्या भांडणात कोण बरोबर होतं ते मी कधी ठरवलं नाही. तुझ्या कारखान्यावर कर खात्याने तपासणी लावली तेव्हा बाबा त्याच खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. तू म्हणालास, तुमच्या जुन्या माणसाच्या कानावर नुसतं घाला. त्यांनी घातलं नाही. तू दंड भरलास, जेवता जेवता उठलास आणि शहर बदललंस. ‘आम्ही भरायचं आणि यांनी उधळायचं’ हे तुझं वाक्य मला पाठ आहे. बाबांनाही असावं.

केंद्रात वाचा शिकवणाऱ्या एक बाई आहेत. तिशीतल्या, अंगाने किरकोळ, हातात नेहमी चित्रांचा गठ्ठा. बाबांची मिजास त्यांनी पहिल्याच आठवड्यात उतरवली. बाबा रागावून भिंतीकडे तोंड करून बसले, तर त्या भिंतीकडे खुर्ची नेऊन बसल्या. आज बाबा तीन-चार शब्दांचं वाक्य बोलतात. मध्ये थांबतात, शब्द येतो, पुढे जातात. घाई केली की सगळं सांडतं.

भाषणाच्या दिवशी मावशींनी टीव्ही लावला होता. ‘बंद करण्यात येतील’ हे मंत्र्यांच्या तोंडून दोघांनीही ऐकलं. मावशी म्हणतात, मलाही लगेच कळलं, नाहीतर अशी भाषणं माझ्या डोक्यावरून जातात. बाबा उठले, टीव्ही बंद केला आणि बूट घालायला बसले. केंद्राची वेळ झाली होती.

मी घरी आले तेव्हा त्यांना तो शब्द माझा आहे हे सांगितलं. वाटलं, आता आपलं काही खरं नाही. त्यांनी बराच वेळ लावून विचारलं, “दुसरा... कोणता होता?” मी सुसूत्रीकरण सांगितलं. ते उच्चारायला गेले आणि अडखळले, पुन्हा गेले, पुन्हा अडखळले, आणि मग हसायला लागले. मीही. दोघं पोट धरून हसलो, दादा. त्या आजारानंतर असं पहिल्यांदाच.

आता संसदेची समिती खर्चावर लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. बाबांनी मावशींकडून तिथे नाव नोंदवलं आहे. मी ओळी लिहून देऊ का विचारलं तर दाराकडे बोट दाखवलं.

रागाव. पण आधी माझ्यावर.

बारकी


२८ एप्रिल
घरून

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. पहिल्या पानावर जे लिहिलं आहेस ते सगळं मला मान्य आहे, आणि एवढं लिहूनही खाली ‘जेवण वेळेवर घेत जा’ असं लिहिलंस, त्यावरून राग उतरला असं धरून चालते. वहिनीने तुला खोलीत एकटं बसू दिलं नाही हे बरं केलं. फोनचं मनाला लावून घेऊ नकोस. तुला कळायला मार्गच नव्हता.

शेवटी तू एक प्रश्न विचारला आहेस. त्याचं उत्तर देते, पण आधी सुनावणीचं सांगू दे. तुला ते माझ्याकडूनच कळावं असं वाटतं.

मोठी खोली, वर छताला लाकडी तक्तपोशी, समोर अर्धगोल टेबलामागे समितीचे सभासद. मी मंत्रालयाची माणूस, त्यामुळे मागच्या रांगेत बसून नुसतं ऐकायची परवानगी. बाबांच्या आधी आमच्या केंद्राचे प्रमुख बोलले. फार छान बोलले. तक्ते दाखवले, यंत्राचा फोटो दाखवला. परदेशातून आणलेलं हाताच्या व्यायामाचं ते यंत्र. मग बाबांचं नाव पुकारलं. निळा सूट, तोच निवृत्तीच्या दिवशीचा, आता खांद्यातून सैल पडलेला. बाजूला आधाराला त्या वाचा शिकवणाऱ्या बाई. सगळ्यांना वाटलं, केंद्र वाचवा म्हणून सांगायला आलेत. मलाही तसंच वाटलं होतं. बाईंनाही.

बाबांनी माईक धरला आणि गप्प राहिले. एक सभासद घड्याळाकडे बघायला लागले. अध्यक्षबाईंनी हाताने त्यांना थांबवलं.

“मी... कर खात्यात होतो,” बाबा म्हणाले. “लोकांकडून... घ्यायचो.”

मग म्हणाले, “केंद्र... वाईट चालतं.”

दादा, बाईंनी तर खाली जमिनीकडे बघितलं. केंद्रप्रमुख खुर्चीतून अर्धे उठले. बाबा थांबले नाहीत, म्हणजे थांबत थांबतच पण थांबले नाहीत. यंत्र प्लास्टिकखाली आहे, चालवायला माणूस नाही. गाडी पेशंटसाठी आहे, फिरते साहेबांसाठी. वरचा मजला रिकामा, दिवे मात्र चालू. हे सगळं त्यांनी दोन-दोन शब्दांत सांगितलं, आणि जुन्या सवयीने प्रत्येक गोष्टीनंतर टेबलावर बोट टेकवलं. कर अधिकाऱ्यासमोर व्यापारी कसे बसत असतील ते मला त्या दिवशी कळलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, मग मंत्र्यांचं बरोबरच आहे म्हणायचं का, केंद्र बंद करावं?

“इमारत... बंद करा,” बाबा म्हणाले. मग डाव्या हाताने शेजारी दाखवलं. “बाई... तेवढ्या ठेवा.”

खोलीत कुणीतरी हसलं, पण चांगलं हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाईंना विचारलं, की किती जण शिकतात, कुठून येतात. बाईंना बोलताच येईना. वाचा शिकवणारी माणूस, आणि ऐन वेळी तिचीच वाचा बसली. बाबांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं, जसं त्या त्यांच्या पाठीवर थोपटतात तसं. मग त्या बोलल्या. पेशंट माझ्याकडे येण्याऐवजी मी इस्पितळात गेले तर झटका आल्याबरोबर शिकवायला घेता येईल, घरी गेले तर बायकापोरांनाही शिकवता येईल, मला टेबल-खुर्चीही लागत नाही, असं म्हणाल्या. एका सभासदाने विचारलं, पण यातले कामावर किती परत गेले? त्या म्हणाल्या, फार थोडे. पण घरात किती परत गेले ते कुणी विचारलंच नाही.

वेळ संपली होती. बाबांना बसा म्हणून खूण झाली. ते बसले नाहीत.

“माझा मुलगा... कर भरतो,” ते म्हणाले. “खोकी करतो. कष्टाचे... पैसे. वाया... नकोत.”

अध्यक्षबाईंनी अगदी घरगुती सुरात विचारलं, “तुमच्या मुलाचं काय म्हणणं आहे यावर?”

आता जे लिहिते ते जसंच्या तसं आहे. मी शब्दांचीच नोकरी करते, एकही इकडचा तिकडे केलेला नाही. बाबा म्हणाले, “त्याचं... कधी ऐकलं नाही. ऐकायला... हवं होतं.”

आणि खाली बसले.

मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. सहसचिव तिथेच उभे होते. त्यांनी विचारलं, “ते तुमचे वडील?” मी हो म्हटलं. ते काही वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, की त्या पानाच्या वेळी सांगायला हवं होतंत बाई. मी म्हटलं, हो, हवं होतं. ते म्हणाले, “पण शब्द बरोबर होता.” पुढे त्यांनी तो विषय काढला नाही.

निकाल तीन आठवड्यांपूर्वी आला. करकपात जशीच्या तशी राहिली, तुमच्या संघटनेने खुर्च्या जपून ठेवाव्यात. केंद्रांच्या इमारती रिकाम्या होणार, आपल्या समोरची झालीसुद्धा. वाचा शिकवणाऱ्या सगळ्या जणी आणि हाता-पायांचे व्यायाम घेणारे निम्मे लोक इस्पितळांकडे जाणार आणि घरोघरही फिरणार. ते यंत्र वैद्यकीय महाविद्यालयाला. सगळंच गोड झालं असं नाही. बाबांच्या बरोबर येणाऱ्या शिंप्याला हाताच्या व्यायामासाठी आता दोन बस बदलून जावं लागतं, आणि केंद्राच्या दारातला पहारेकरी घरी बसला. तुझ्याकडे माल चढवायला, उतरवायला माणूस हवा असेल तर सांग. इमानी आहे, फक्त वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो.

बाई आता आठवड्यातून दोनदा आपल्याच स्वयंपाकघरात येऊन बसतात. मावशीही येऊन बसतात. त्यांना मध्ये बोलायची बंदी आहे आणि ती पाळताना त्यांना जो त्रास होतो तो बघण्यासारखा असतो. काल बाबांनी त्यांना “गप्प” म्हटलं. अगदी स्पष्ट, न अडखळता. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मावशींनीसुद्धा.

मी सुखात आहे, दादा. खूप दिवसांनी असं लिहिते आहे, आणि ते फक्त तुला बरं वाटावं म्हणून नाही. सकाळी कामाला जाताना मागे वळून बघते तर बाबा खिडकीत असतात, आणि काहीतरी म्हणत असतात. काचेमुळे ऐकू येत नाही. पण म्हणत असतात.

आता तुझा प्रश्न. ‘मी आलेलं त्यांना चालेल का?’ मी माझ्या मनाने उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. काल जेवणं झाल्यावर तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, पहिलं पान सोडून. प्रश्न आला तिथे मी थांबले. ते गप्प. मी भांडी आवरली, ओटा पुसला, तरी गप्प. मला वाटलं, नाही म्हणायचं असेल आणि म्हणवत नसेल. मग मागून आवाज आला, “विचारतो... काय? घर... त्याचंच.”

तेव्हा आता विचारत बसू नकोस. वहिनीला आणि पोरींना घेऊन ये, कारखाना चार दिवस तुझ्यावाचून चालेल. इथे आल्यावर बाबांशी बोलताना एवढंच कर, की ते थांबले तर तूही थांब. मधला शब्द त्यांना सुचवू नकोस. तो त्यांचा त्यांना सापडू दे.

वाट बघत आहोत.

तुझी,
बारकी

खालची सही बाबांची आहे. डाव्या हाताने केली, म्हणून तुला ओळखू येणार नाही. कागद मी धरला होता, पेन त्यांनी स्वतः मागून घेतलं.